बावीस पावलं मागे

भिलाईला लोक पोलाद बघायला जातात. मी जाऊन आलो त्याला आता महिना होईल, आणि जो भेटतो तो पहिला प्रश्न भट्टीचा विचारतो. केवढी आहे, किती उंच आहे, कारखाना उभारायला आलेली रशियन माणसं जवळून कशी दिसतात. तर भट्टी मी लांबून पाहिली. लाल दिसते. रशियन माणूस मला एकच भेटला, त्याच्याबद्दल पुढे सांगेन. मी गेलो होतो ते चेंडू टाकणारी माणसं पारखायला, आणि सापडला तो हळू टाकणारा.

नागपूरला आमच्या रेल्वे ऑफिसचा क्रिकेटचा संघ आहे. संघाचा एक गोलंदाज गुडघ्याने गेला. त्याच्या जागी येईल त्याला खलाशाची कायम नोकरी मिळते, म्हणून या जागेला फार मान. संघाचे सेक्रेटरी बापूसाहेब. पाहुण्या संघाच्या एका वेगवान गोलंदाजाने तरुणपणी त्यांच्या मांडीवर चेंडू मारला होता. तेव्हापासून वेगाशिवाय दुसऱ्या कशावर त्यांचा विश्वास उरलेला नाही. निवडीसाठी त्यांनी स्वतः एक फॉर्म तयार केला. अचूकपणाला एक रकाना, वळणाला अर्धा, आणि वेगाला बाकीचं सगळं पान. आता वेग मोजायचा कशाने? तर बापूसाहेबांनी युक्ती काढली: यष्टिरक्षक दांड्यांच्या किती पावलं मागे उभा राहतो ते मोजून लिहायचं. बाराच्या आत असेल तर नाव पाठवूच नये. दोघे असतील तर ज्याचा आकडा मोठा तो घ्यावा.

मला पाठवलं, कारण मला रेल्वेचा पास फुकट आहे, आणि एकेकाळी मी गोलंदाज होतो. वेगवान. असं मी सांगतो, आणि नाही म्हणणारे आता नागपुरात फारसे राहिलेले नाहीत.

दुर्ग

सकाळी दुर्गला उतरलो. माझे यजमान नानासाहेब घ्यायला आले होते. मूळचे नागपूरच्या आमच्याच महाल भागातले, इथे कारखान्याच्या स्टोअरमध्ये मोठ्या हुद्द्यावर. माझी बॅग त्यांनी स्वतः उचलली तेव्हाच मला संशय यायला हवा होता. बसमध्ये बसल्यावर त्यांनी हळूच सांगितलं, "आमच्या बहिणीचा विनू बॉलिंग टाकतो. तुम्हीच ठरवा हो. मी मधे बोलणार नाही." आणि भिलाई येईपर्यंत ते मधे बोलले नाहीत, सलग बोलले.

रस्ता म्हणजे लाल मुरूम. पांढरं धोतर नेसून आलेला माणूस संध्याकाळी गुलाबी होतो. दोन्ही बाजूंनी एकसारखी घरं उगवत होती. गल्लीला नाव नाही, सेक्टरला नंबर. घराला नंबर, आणि तो अजून रंगवलेला नाही. आमच्याकडे पत्ता सांगताना चिंचेचं झाड, पिठाची गिरणी, वैद्यांचा ओटा, असं काहीतरी लागतं. इथे झाड लावून दोन वर्षं झाली होती आणि त्याला बकरीपासून वाचवायला तारेचं कुंपण होतं.

याचा परिणाम व्हायचा तोच झाला. पहिल्याच दुपारी मी पाय मोकळे करून परत आलो, हातपाय धुतले, आणि स्वयंपाकघराकडे पाहून "होऊ द्या" म्हणालो. एका अनोळखी बाईंनी चार इडल्या आणि कॉफी आणून ठेवली. मला वाटलं, नानासाहेबांकडे कोणी पाहुणी आलेली असेल. तिसऱ्या इडलीला घरधनी ड्युटीवरून आले, मला पाहून तेलुगूत काहीतरी प्रेमाने बोलले आणि शेजारी जेवायला बसले. घर चुकल्याचं मला त्यांच्या भिंतीवरचा तिरुपतीचा फोटो पाहून कळलं. त्यांना शेवटपर्यंत काही वावगं वाटलं नाही. आमच्या गल्लीत असा कोणी शिरला असता तर आळी गोळा झाली असती. इथे सगळेच काल आलेले, मग अनोळखी कोणाला म्हणायचं? चौथी इडली मी लाजून खाल्ली, पण खाल्ली.

मैदान, पहिला दिवस

मैदान म्हणजे बुलडोझरने सपाट केलेली जमीन. गवत नावालाही नाही. खेळपट्टीवर काथ्याची मॅटिंग अंथरायची आणि खिळे ठोकून ताणायची. चार माणसं ते काम करत होती. मला मांडवात खुर्ची दिली, लिंबाचं सरबत दिलं. एक बुटका, काळासावळा माणूस गुडघ्यांवर बसून सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घालून मॅटिंग ओढत होता. ओढायची, तळव्याने थोपटायची, कान लावल्यासारखा वाकायचा, पुन्हा ओढायची. विनू पांढऱ्याशुभ्र कपड्यांत कडेला उभा राहून हुकूम सोडत होता. "ए रामटेके, इकडून ओढ! लवकर!" रामटेके आपल्याच चालीने ओढत राहिला.

विनू मात्र बघण्यासारखा. सहा फूट उंच, केसांचा कोंबडा, धाव घ्यायला मैदानाच्या हद्दीपलीकडून निघायचा. पहिला चेंडू यष्टिरक्षकाच्या डोक्यावरून गेला, दुसरा पहिल्या स्लिपच्या हातात, तोही टप्प्याआधी. तिसरा सरळ होता. तो मी लिहून ठेवला. यष्टिरक्षक करतार सिंग, फिटर, दांड्यांच्या पार मागे जाऊन उभा. मी मोजली: अठरा पावलं. नानासाहेबांनी माझ्या ग्लासात आणखी सरबत ओतलं.

जेवणाआधी दहा मिनिटं कोणाचा तरी दम संपला म्हणून मॅटिंगवाल्या रामटेकेला चेंडू दिला. पाच पावलांची धाव, तीही चालत. करतार सिंग पुढे येऊन दांड्यांना चिकटून उभा राहिला. मी शिसपेन्सिल खिशात ठेवली. चेंडू हवेत निघाला आणि तिथेच राहिला. फलंदाजाने बॅट फिरवली, फटका मारून झाला, तेव्हा चेंडू टप्पा पडून, जरा विचार करून आत वळला आणि एक गिल्ली पाडून थांबला. एकच गिल्ली. दुसरी जागेवर होती. त्या दहा मिनिटांत अशा तीन जणांच्या गिल्ल्या पडल्या, आणि दांडी एकदाही जागची हलली नाही.

पेन्सिल मी परत बाहेर काढली.

मांडवाजवळ तो एकुलता एक रशियन इंजिनियर सावलीला आला होता. त्याच्या दुभाष्याने विचारलं, साहेब म्हणतात, तो उंच मुलगा इतका धावतो आणि कोणी बाद होत नाही, हा छोटा चालतो आणि सगळे बाद होतात. मग उंच मुलगा का धावतो? मी माझं सरबत त्याच्यापुढे केलं.

जेवण मांडवात होतं. पुरी, श्रीखंड, बटाट्याची भाजी. दोन्ही संघ बसले. रामटेके मात्र मॅटिंगच्या माणसांबरोबर दूर कडुलिंबाखाली डबा उघडून बसला होता. मी विचारलं, तो खेळाडू आहे ना? नानासाहेब म्हणाले, "अहो, तो आपला मॅटिंगसाठी येतो. आणि रामटेके म्हणजे..." आणि वाक्य तिथेच सोडून त्यांनी मला पुरी वाढली. मला वाक्य पुरं समजलं. उठून त्याला हाक मारायला हवी होती. मी पुरी खाल्ली. हे लिहायची लाज वाटते म्हणूनच लिहितो आहे.

दोन वाजता भोंगा झाला आणि खेळणाऱ्यांतले पाच जण सेकंड शिफ्टला निघून गेले. त्यांच्या जागी फर्स्ट शिफ्टवरून सुटलेले पाच आले, एकाच्या डोक्यावर अजून हेल्मेट होतं. आमच्याकडे चहासाठी खेळ थांबतो. इथे कशासाठीच थांबत नाही, माणसं बदलतात.

दुसरा दिवस

रात्री नानासाहेबांनी माझ्या कानात घातलं होतं, "मॅटिंग तोच लावतो. कुठे ढिली, कुठे ताठ, त्यालाच ठाऊक. ही कसली बॉलिंग? ही चोरी."

मुद्दा बिनतोड वाटला. सकाळी मी हुकूम दिला, आज मॅटिंग विनू आणि त्याचे मित्र लावतील. रामटेके हात मागे बांधून बाजूला उभा राहिला. विनूच्या मंडळींना दीड तास लागला, दोन अंगठे ठेचले, आणि मॅटिंगला पोट सुटलं. त्या पोटावर विनूचा स्वतःचा चेंडू पडून असा उसळला की करतार सिंगने पगडी दोन्ही हातांनी धरली. रामटेकेचा चेंडू त्याच पोटावर पडला, जरा आणखी हळू झाला आणि गिल्ली पडली.

मग मीच बॅट घेऊन गेलो. म्हातारं हाड असलं तरी नजर शाबूत आहे, असं मी मोठ्याने म्हणालो. पहिल्या चेंडूला मी फटका मारला आणि चेंडू कुठे गेला ते पाहायला सीमेकडे वळलो. चेंडू अजून यायचा होता. तो आला. डोळ्यांत धूळ गेली म्हणून ही विकेट धरायची नाही, असं ठरलं. दुसऱ्या वेळी बूट सैल होता. तिसऱ्या वेळी कारण सुचेना तेव्हा रामटेके तिकडून म्हणाला, "सायेब, ऊन लय हाये. सावलीत बसा ना बापा." त्याच्या तोंडावर हसू नव्हतं. सगळ्या मैदानाच्या तोंडावर होतं.

त्या संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. मजुरांच्या कॅम्पात पत्र्याच्या खोल्यांची ओळ, आत एक खाट, भिंतीवर भगवान बुद्धाचं चित्र, ताज्या झेंडूचा हार. नागपूरला दीक्षा घेऊन आल्यावर पहिली वस्तू हीच घेतली, असं त्याची बायको गिरजा म्हणाली. रामटेकेचं नाव सूर्यभान, मूळचा भंडाऱ्याकडचा. इथे तो एका ठेकेदाराकडे खलाशी: साखळीला अडकवलेले जड गर्डर उचलायचे आणि जागेवर सोडायचे.

"गर्डर घाईनं सोडला तं खालच्याचा पाय जाते," तो म्हणाला. "बोट बोट सोडा लागते. मले तेच येते, सायेब. हात तसाच झाला."

"यायले बाजारात पाठवलं तं भाजी बी तशीच येते," गिरजा म्हणाली. "बोट बोट."

तिने वाडग्यात बासी वाढली. छत्तीसगढी शेजारणीकडून शिकलेली: रात्रीचा भात पाण्यात ठेवलेला, वर मीठ, कांदा, हिरवी मिरची आणि लाल माठाची भाजी. आमच्या घरी शिळा भात फोडणी दिल्याशिवाय पानात येत नाही. इथे तो थंडगार पाण्यासकट पितात, आणि दिवसभर उन्हात माझ्यासारखा मूर्ख ठरलेला माणूस तो दोनदा मागून घेतो.

खाता खाता कळलं की ठेकेदाराचं शेडचं काम संपत आलं आहे. महिनाअखेर छाटणी. सूर्यभानचं नाव यादीत आहे. गेट पास परत केला की खोलीही सोडायची.

"गावी काय हाये?" गिरजाने मलाच विचारलं. "वावर नाई, घर नाई. गावात पाण्यासाठी बी दूर उभं राहा लागे. इथं नळावर लायनीत नंबर येते. मले वापस नाई जायचं."

मी फॉर्मची अडचण सांगितली. तू चांगला आहेस, म्हटलं, असा मी पाहिला नाही. पण करतार सिंग तुझ्या चेंडूला दांड्यांजवळ उभा राहतो. शून्य पावलं. तुझं नाव बापूसाहेबांपर्यंत पोचणारच नाही.

सूर्यभानने कांदा चावून संपवला. "कागदावर बॉल किती जोरात आला ते लेहा लागते का?"

"नाही. यष्टिरक्षक किती पावलं मागे आहे ते."

"कोनाच्या सांगन्यावरून मांगं उभा हाये ते लेहा लागते का?"

मी फॉर्म काढून कंदिलाजवळ धरला. वरून खालपर्यंत वाचला. "नाही," म्हणालो.

"इनूभाऊचा आकडा किती?"

"अठरा."

त्याने पाण्याचा तांब्या उचलला, प्यायला, खाली ठेवला. "मंग करतारले बावीसवर पाठवतो."

मी ताडकन उठलो. मी आयुष्यात खोटा कागद लिहिलेला नाही, असं ऐकवलं. सूर्यभान शांतपणे म्हणाला, "कावून खोटा? तुमी मोजा ना. जेवढे भरन तेवढेच लेहा."

तिसरा दिवस

शेवटच्या दिवशी जामुलकडच्या एका संघाशी सामना होता. त्यांनी सूर्यभानला कधी पाहिलेलं नव्हतं. पहिला तास विनूने टाकला. अवांतर धावा इतक्या झाल्या की धावफलकवाल्याने खडू बदलून घेतला. मग सूर्यभानच्या हाती चेंडू आला आणि करतार सिंग मागे चालू लागला. चालतच राहिला.

"ओय, ये क्या तमाशा है?" तो लांबून ओरडला. "गेंद मेरे पास पहुँचेगी भी?"

"पहुँचेगी, सरदारजी. शाम तक," सूर्यभान म्हणाला.

मी उठलो आणि अंपायरची परवानगी घेऊन दांड्यांपासून मोजत गेलो. एक, दोन, तीन. नाक वर, पाठ ताठ, लांब पावलं नाही, आखूड नाही. बावीस भरली.

आता जे झालं ते सूर्यभाननेही धरलेलं नव्हतं. समोरच्या फलंदाजाने मागे वळून पाहिलं, एवढ्या लांब उभा असलेला सरदार पाहिला, आणि त्याची पाचावर धारण बसली. त्याने पायाचे पट्टे घट्ट केले, टोपी काढून नीट बसवली, मनातल्या मनात देव आठवला असावा. चेंडू निघाला तेव्हा तो लेगला सरकून, डोळे मिटून, बॅट फिरवून मोकळा झाला होता. चेंडू सावकाश आला आणि त्याने उघड्या पडलेल्या दांड्यांवरून एक गिल्ली उतरवून घेतली. तो फलंदाज आत जाऊन इतरांना सांगत होता, "दिखा ही नहीं, भाई!" आणि ते अक्षरशः खरं होतं.

दोन यष्टिचीत मात्र हुकले. करतार जागेवर असता तर मिळाले असते. दोन्ही वेळा सूर्यभानने त्या रिकाम्या जागेकडे एकदा पाहिलं आणि चेंडू परत घेतला. तरी पाच गेले.

नानासाहेब मांडवात पेंगत होते. गाडीत बसवताना त्यांनी विचारलं, "विनूचं?"

"अठरा पावलं," मी म्हणालो. "स्वच्छ अक्षरात लिहिलंय."

ते खूश झाले. वहिनींनी डबा दिला होता, त्यात ठेठरी आणि खुरमी होती. बेसनाची तिखट आणि गुळाची गोड, दोन्ही मी गोंदियापर्यंत संपवली. पोटात जराही टोचलं नाही.

नागपूर

घरी आल्यावर फॉर्मला मी दोन पानं जोडली. सूर्यभान चेंडू कसा हवेत अडकवून ठेवतो, धाव तीच ठेवून सहातला एक आणखी कसा हळू सोडतो, मॅटिंग वाईट असली तरी त्याचं काही अडत नाही, मी स्वतः तीनदा कसा फसलो, सगळं लिहिलं. धूळ आणि बूट गाळून लिहिलं. इतकं खरं मी कधीच लिहिलेलं नाही.

बापूसाहेबांनी बोट ठेवून आकडा वाचला. "बावीस?" ते खुर्चीतून उठले, मांडी चोळली आणि म्हणाले, "हा माणूस हातचा जाता कामा नये." त्याच दिवशी वर कागद गेला. पंधरा दिवसांत ऑर्डर निघाली: खलाशी, कायम. जोडलेल्या दोन पानांचं मी भीतभीत विचारलं. "ती काढून टाकली," बापूसाहेब म्हणाले. "फाइल जाड होते. आणि आकडा बोलतोय तिथे निबंध कशाला?"

सूर्यभान परवा सकाळी आला. गिरजा सामानासकट स्टेशनवर, ट्रंकेवर बुद्धाचं चित्र कापडात गुंडाळलेलं. तो थेट मैदानावर. बापूसाहेब चष्मा पुसून पुढे बसले होते. सूर्यभान पाच पावलं चालला आणि चेंडू सोडला. आमचा यष्टिरक्षक सवयीने पुढे येऊन दांड्यांना चिकटला. गिल्ली पडली.

"याचा वेग कुठे गेला?" बापूसाहेबांनी मला विचारलं.

"प्रवासाचा शीण असेल," मी म्हणालो.

"किती दिवस राहतो असा शीण?"

"काहींचा कायम राहतो."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग पुन्हा गिल्ली पडली, आमच्या सर्वांत चांगल्या फलंदाजाची, आणि त्यांना तिकडे बघावं लागलं.

खेळ थांबल्यावर सूर्यभान माझ्याजवळ आला. ऑर्डर त्याच्या वरच्या खिशात होती, तिथल्या तिथे तिच्यावर हात ठेवून त्याने हळूच विचारलं, "सायेब, कायम म्हंजे कायमच ना? थो कागद कोनी पाह्यला तं?"

मी त्याला दोन पानांचं सांगितलं. तुझ्याबद्दल जेवढं खरं होतं तेवढं सगळं कचऱ्यात गेलं आणि बावीस तेवढे राहिले, असं म्हणालो.

"जाऊ द्या," तो म्हणाला. "इथं मॅटिंग कोन लावते?"

त्याने उत्तराची वाट पाहिली नाही. खेळपट्टीच्या कडेला गुडघ्यांवर बसला, तळव्याने थोपटलं आणि तोंड वाकडं केलं. खिळे उपटू लागला. मांडवात माझी खुर्ची होती, खुर्चीशेजारी सरबत होतं. मी धोतराचा काचा मारला आणि दुसरं टोक धरलं. जीव खाऊन ओढलं. कमरेत कळ आली, डोळ्यांपुढे काजवे चमकले.

सूर्यभानने आपल्या बाजूने थोपटून पाहिलं.

"अजून ओढा, सायेब," तो म्हणाला. "तुमच्याकडून ढिल्ली हाये."